मोठ्या नळाचा सांधा

हे मी आजवर कोणालाच बोललो नाही — बायकोलाही नाही. सांगायला बसतो, उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. आज तुम्ही समोर आहात, तर एकदाचं सांगून टाकतो.

एकोणीसशे पन्नास उलटून गेलेलं. रत्नागिरीत जमिनीखालचे मोठे नळ तपासायचं काम माझ्याकडे होतं. लाकडी काठीचं एक टोक नळावर, दुसरं कानाला. नळ गळत असला की काठीतून बारीक सूऽऽ ऐकू येते. माझा कान गावात नावाजलेला. लोक चेष्टेनं म्हणत, तात्याला नळ गाऱ्हाणी सांगतो. मीही मिशीतल्या मिशीत हसायचो. अरे, हसण्यासारखं होतं काय त्यात?

कारण तोवर कान गेला होता. डावा पार बंद. उजव्यानं माणसाचं बोलणं कळे, नळातली सूऽऽ नाही. दोन वर्षं मी नुसती काठी लावून डोकं हलवत होतो. नोकरी जाईल ही भीती? का नाव जाईल ही? खरं सांगू — नावच.

इब्राहिम आमचा सांधे जोडणारा, पूर्णगडचा. सांध्यात काथ्या ठोकून वर वितळलेलं शिसं ओतायचा; बोट ठेवायला जागा नाही असं काम. त्या दिवशी जांभ्यात खणलेल्या चरात तो माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "तात्यानू, ह्यो सांदा नीट ऐका. शिसा मदीच थंड पडला. माज्या मनाला पटना." माझ्या हुकुमाशिवाय सांधा उकलायचा नाही, अशी रीत. मी काठी लावली. काय ऐकलं? काही नाही. म्हणालो, "गप आहे. माती ओढ."

महिन्याभरात तो सांधा फुटला. पाण्यानं शेजारच्या शेवंताबाईंची पडवी खचली, त्यांचा पाय मोडला. चौकशीत साहेबांनी विचारलं, सांधा कच्चा आहे हे कोणाला ठाऊक होतं? इब्राहिम म्हणाला, तात्यांना सांगितलं होतं. आणि मी — मी म्हणालो, "मला हा काही बोलला नाही."

जीभ झडली नाही माझी. इब्राहिमची नोकरी गेली. एवढा कसबी माणूस मुंबईला गोदीत ओझी उचलायला गेला. मी काठी घेऊन तसाच हिंडत राहिलो.

पुढे एका मे महिन्यात तो गावी आला, तो मुद्दाम माझ्याकडे आला. ओटीवर मी डावीकडे जागा दाखवली, तर वळसा घालून उजवीकडे बसला. चहा झाला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी पन मी ह्याच अंगाला बसलो व्हतो, तात्यानू. तुमचा कान गेलाय, म्हायत व्हता मला. साहेबाला बोललो नाय."

शब्द न् शब्द मला ऐकू आला. मी कानामागे हात धरला आणि विचारलं, "काय म्हणालास? आंबा कसा आहे यंदा?"

त्यानं रिकामी कपबशी बाजूला सारली. मग अगदी कानाशी येऊन मोठ्यानं सांगितलं, "बरा हाय."