मोटारीला तेलाचा हात

लग्नाआधी ह्यांनी माझ्या वडिलांच्या होडीवरचं काम सोडलं आणि मोटार चालवायला घेतली. बाबांना मुलगा नव्हता. आपल्यामागं होडी जावई सांभाळेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. लग्न लावून दिलं, पण ह्यांच्याशी बोलणं टाकलं. तारापूरच्या किनाऱ्यावरून आमचं बोईसर काही लंकेत नव्हे, तरी दोन वर्षं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. इकडे बाप, तिकडे नवरा, मधे मी. अशा वेळी बाईमाणूस नुसती भांडी घासत बसते.

आमच्याकडे मात्र घासण्याचा मान मोटारीचा! ती जुनी, काळी मोटार ह्यांनी भाड्यानं फिरवायला घेतलेली, आणि काळ्या रंगावर केसाएवढा ओरखडाही दिसतो. म्हणून कोरडं फडकं लावायचं नाही. आधी विहिरीचं पाणी टपावरून सोडायचं, माती आपसूक उतरू द्यायची. फडकं जमिनीवर पडलं की ते बाद. सवाष्णीला बांगड्या काढ म्हणवेना, म्हणून त्या वर सारून त्यावर हे स्वतः रुमाल बांधून द्यायचे. मग सावलीत मेण, थोडं थोडं, फ्लॅनेलनं. इतक्या मऊ हातानं मला कधी गजरा माळला नाही, असं मी चिडवायची.

एका दुपारी हे जेवून झोपले होते, मी विहिरीवर. परत येते तर अंगणात बाबा! हातात डबा, खांद्यावर चिंधी, आणि टपापासून चाकांपर्यंत मोटार तेलानं माखलेली. मुशी माशाचं तेल, होडीच्या लाकडाला लावतात ते. वासानं मांजरं जमलेली.

"खारा वारा लाकडाला खातो, तसा पत्र्यालाबी खाईल," बाबा म्हणाले. "हिला कोण तेल लावीत नाय वाटतं?"

मला रडूच आलं. आमच्यात दुसऱ्याच्या होडीला कोणी तेलाचा हात देत नाही. देतात तो घरच्या होडीला. पण आदल्याच दिवशी मेण घासून दमलेला माणूस आत झोपला होता. तो उठून एक शब्द वाकडा बोलला असता, तर बाबा पुन्हा आले नसते.

हे दारात आले. मोटार पाहिली. दात आवळले. मग बाबांचे तेलकट हात पाहिले, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"मामा, हात धुवा. मी सोडतो घरी."

बाबांना पुढं, आपल्या शेजारी बसवून नेलं. जाता-येता रस्त्याची सगळी धूळ त्या तेलावर बसली.

दुसऱ्या दिवशी मी फडकं उचललं तर म्हणाले, "रगडू नको. त्या धुळीनंच रंग कापेल. भिजू दे." साबणाचं कोमट पाणी ओतत, ओल्या फडक्यांनी टिपत आमची सकाळ गेली. हे मान वर न करता टिपत होते. राग गिळलाय असं वाटून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी विचारलंच, "काल वाटेत बाबा काही बोलले?"

"उतरताना बोलले. एक हात पुरायचा नाय म्हणाले. पावसाआधी दुसरा द्यायला येतायत."

"मग? तुमी नको नाय म्हणालात?"

त्यांनी फडकं पिळलं.

"कशाला? मोटार काय, परत धुता येते."