गुलाबी रंग निम्माच का?

परळच्या आमच्या इस्पितळात कोंडीराम नळ्या धुवायला होता. शिक्षण चौथीपर्यंत, पण नजर अशी की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. "नलूबाई, ह्यात औषध कमी हाय," असं तो रंग मोजायच्या यंत्राच्या आधी सांगायचा. मी तिथली शिकलेली टेक्निशियन, मला अस्सा राग यायचा! कारण मेल्याचं बरोबर निघायचं.

काम तसं साधं. क्षयाच्या रोग्याचं रक्त यंत्रात गरगर फिरवायचं, वर प्लाझ्माचं पिवळसर पाणी सुटलं की त्यात रसायनं घालायची. गोळ्यांचं औषध रक्तात उतरलेलं असेल तर गुलाबी रंग येतो. जितकं औषध, तितका गडद.

छप्पन साल. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चाललेल्या, आणि आत गणपत नावाच्या गिरणी कामगाराची नळी फिकी. तीन आठवडे फिकीच. डॉक्टर भडकले. "हा गोळ्या फेकतोय. सोमवारी याचं नाव यादीतून कमी करा. फुकट गोळ्यांसाठी शंभर जण थांबलेत." नाव गेलं तर गणपतही जाणार, हे आम्हाला कळत होतं.

कोंडीरामला चैन पडेना. "फेकत असता तर रंग कधी असा, कधी तसा आला असता. दर खेपेला बरोब्बर निम्मा कसा?"

"तू नळ्या धू," मी म्हटलं.

धुतोय कसला! सोमवारी गणपत आला तसं कोंडीरामनं सरळ विचारलं, "गणपतराव, खोलीत दुसरं कोण खोकतंय?"

गणपतनं मान खाली घातली. त्याचा गाववाला दगडू सोबत आला होता. तोच पुढं झाला आणि बाही वर केली. हा गिरणीत बदली कामगार, कायम नव्हे. आजार कळला तर गिरणीत कोण उभं करणार, म्हणून लपवत होता. त्याचंही रक्त तपासलं. दोन्ही नळ्यांचा रंग हुबेहूब.

"अरे, निम्म्या गोळ्यांनी मरशील तू!" डॉक्टर ओरडले. "एवढं कळत नाही?"

"कळता, सायब," गणपत म्हणाला. "पण आमचा हातरूण एकच. मी रातपाळीक, तो दिसपाळीक. तो उठता, मी निजतंय. मी एकटोच बरो होवन काय करू?"

  डॉक्टरांनी यादीत गणपतच्या खाली दगडूचं नाव लिहिलं आणि गिरणीचा रकाना कोरा सोडला.