कमानीत वाढवलेले दोन पाटे

माझी गाडी डिझेलची पिकअप आहे आणि ती मी पोटासाठी चालवतो. बहुतेक दिवस तिच्यात जांभ्या दगडाचे चिरे असतात. मोसमात आंब्याच्या पेट्या, एरवी सिमेंट, कधी कुणाच्या लग्नाची भांडी. मालवणच्या किनाऱ्यापासून कणकवलीपर्यंत असा एक चढ नाही, जिथे मी तिला शिव्या दिल्या नाहीत. चिरे भरले की ती चढावर धापा टाकायची, मागचे हॉर्न वाजवायचे आणि माझं डोकं फिरायचं. मी मुळात तापट, त्यात कंजूष. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा आहे तिलाच कमी खर्चात ताकद आणायची असं मी ठरवलं.

मग जेवताना, चुलीत लाकडं सारताना, मोबाईलवर तेच. कोणी सांगतो कॉम्प्युटर लावून इंजिनाची ट्यूनिंग करा, कोणी सांगतो सायलेन्सर बदला, गाडी उडेल. बायको एकदा म्हणाली, "गाडयेचा लगीन ठरवतंस काय?" मी तिच्यावरही ओरडलो.

कणकवलीत माझा गॅरेजवाला आहे. माणूस वाईट नाही, पण बोलायला बसला की समोरच्याचा चहा थंड होतो, आणि तो सुचवील ते सामान नेमकं त्याच्याच दुकानात असतं. म्हणून माझा एक नियम होता: त्याच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यायचं. ट्यूनिंग नको, असं मात्र तोच म्हणाला. "तुझी गाडी रोजच्या धंद्याची. ताकद वाढवलंस तर क्लच जातलो." हे मला पटलं, कारण त्यात खर्च नव्हता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला मला करायचाच नव्हता.

आम्ही केलं ते साधंच. हवेचा फिल्टर नवा घातला. टर्बोचा रबरी पाईप चिरलेला निघाला, तो बदलला. इंजेक्टर साफ करून घेतले. एवढ्यावर गाडी अशी ओढू लागली की मी पहिल्या दिवशी उगाचच दोनदा घाटी चढून आलो. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, की नवी ताकद विकत घेण्याआधी जुनी कुठून गळते ते बघा.

तिथे थांबलो असतो तर बरं होतं. पण माणूस शेफारतो. ओढ वाढली म्हणून मला जास्त चिरे भरायचे होते, आणि जास्त चिऱ्यांनी गाडी मागे बसायला लागली. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक पाटा वाढवायचा, आणि टायर जाड घालायचे. गॅरेजवाला म्हणाला, "पाटे वाढवतंस तर शॉकअपय चांगले घाल. नायतर रिकामी गाडी आपटतली."

"रिकामी गाडी घेवन मी काय करतलंय?" मी म्हटलं. "माझी गाडी भरलेलीच आसता."

आणि माझ्या नियमाप्रमाणे त्याचं अर्धं बोलणं सोडून दिलं.

भरलेली गाडी खरंच सुरेख चालायची. चिऱ्यांखाली कमान नमायची आणि गाडी रस्त्याला चिकटून जायची. रिकामी परतताना मात्र दणके बसायचे, पण मला स्टिअरिंगचा आधार होता आणि सीट जाड होती. परतीची वाट आहे, लागायचेच दणके, असं म्हणून मी कानाडोळा केला.

आमच्या शेजारी काकी राहते. नात्याची नाही, पण माझ्या लहानपणापासून काकीच. तिचा नवरा दरवर्षी पलीकडच्या गावातल्या गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, आपली मूर्ती डोक्यावरून, पायवाटेने आणायचा. तो गेल्यानंतरचा तो पहिला गणपती. मुलगा मुंबईला नोकरीत, त्याला रजा चतुर्थीच्या सकाळपासून, आणि मूर्ती तर आदल्या दिवशी घरी यायला हवी. काकी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "रे, गणपती हाडूक तुझी गाडी घेवन येशीत?"

मला आनंदच झाला. गाडीचं कौतुक सांगायला कोणीतरी मिळालं. तिला कमान, टर्बो, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तां माका कळाचा नाय. माका एकच होया. गणपतीक धक्को लागाक नको. काय मोडला तर लोक म्हणतले, घोव गेलो आणि गणपतीय भंगलो."

शाळेत मूर्ती तयार होती. शाडूची, हातभर, सोंडेवरचा रंग जेमतेम सुकलेला. मी ती पाटासकट उचलून मागच्या हौद्यात ठेवली आणि म्हटलं, "काकी, तू फुडे बस."

"आणि देव काय एकटोच मागे? मी धरून बसतंय," असं म्हणून ती त्या वयात हौद्यात चढली, पत्र्यावर गोणपाट टाकून मांडी घातली आणि पाट मांडीवर घेतला. मी बसू दिलं. मलाही तेच सोयीचं होतं. तिने धरली नसती आणि मोडतोड झाली असती तर बोल माझ्यावर आला असता.

मी हळूच चालवत होतो. निदान मला तसं वाटत होतं. एक म्हातारी आणि एक मातीची मूर्ती, म्हणजे गाडी रिकामीच. भाद्रपदात आमचे रस्ते कसे असतात ते सांगायला नको. उतारावरच्या मोरीपाशी पाण्याने भरलेला एक खड्डा होता, तो मला डबकं वाटला. मागचं चाक त्यात गेलं आणि गाडी अशी आपटली की माझे दात एकमेकांवर वाजले.

मी मागच्या काचेतून ओरडलो, "गणपती बरो आसा मा?"

जरा वेळाने उत्तर आलं. "बरो आसा. चल."

मी गणपतीची चौकशी केली. तिची नाही. त्या दिवसाचं मला काही आठवलं की आधी हेच आठवतं.

मूर्ती घरात गेली, तिच्या बोटाचं टोकही दुखावलं नव्हतं. काकी मात्र हौद्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिली. दमली असेल असं मला वाटलं. पुढे पाच दिवस तिने सगळं केलं. देवावर पानाफळांची माटवी बांधली, मोदक केले, भजनाच्या मंडळींना काळ्या वाटाण्यांची उसळ वाढली. सगळं उभ्याने. पाटावर बसली नाही, देवापुढे वाकली नाही, उभ्यानेच हात जोडले. बायका म्हणाल्या, काय उत्साह आहे म्हातारीचा. विसर्जन झालं आणि ती जी आडवी झाली ती उठेचना.

तिला कणकवलीला दवाखान्यात मीच नेलं, माझ्याच गाडीतून, या वेळी पुढे बसवून. मुलगा सोबत होता. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, पाठीचा मणका दबलाय; या वयात हाडं ठिसूळ असतात, एखादा दणकाही पुरतो. मग त्यांनी काकीला विचारलं, "कुठे आपटलात का?"

काकी शुद्ध मराठीत, शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तशी म्हणाली, "विहिरीवर पाय घसरला. गणपतीच्या आधीच."

मी तिचा शेजारी. तिच्या विहिरीला किती वर्षांपासून पंप आहे आणि ती तिकडे फिरकत नाही हे मला ठाऊक. मुलाला कुठे ठाऊक. तो तिथेच तिच्यावर चिडला, "तुका कितीदा सांगितलंय, विहिरीर जाव नको म्हणान." ती मान खाली घालून ऐकत राहिली. माझ्या वाटणीची बोलणी ती खात होती, आणि मी भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत होतो.

मुलगा औषधं घ्यायला गेला तेव्हा मी म्हटलं, "काकी, तू विहिरीर कधी गेलेलंस?"

"तू गप ऱ्हव," ती म्हणाली. "गावात एक गाडी आसा. लोकांनी ती बंद पाडली तर अडल्यानडल्याक धावतलो कोण?"

दुसऱ्याच दिवशी मी कणकवलीला जाऊन वाढवलेले पाटे काढून टाकले आणि चांगले शॉकअप घातले. गॅरेजवाल्याने कारण विचारलं, मी त्याच्यावर खेकसलो. आता चिरे कमी भरतो. पण गाडीच्या कमानीतले पाटे काढता येतात. काकी कंबरेला पट्टा बांधून चालते, आणि मूळची ताठ बाई आता खाली बघत चालते.

दिवाळीत मी काकीच्या मुलाला फोन करून खरं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल, मग मला जरा हलकं वाटेल. तो म्हणाला, "रे, तू उगाच मनाक लावन घेतंस. आवस माझी खोटा कित्याक सांगात? उलट तूच तिका दवाखान्यात नेलंस." आणि माझे आभार मानले. त्या आभारांनी माझ्या अंगाची आग झाली. मला लाज वाटते, आणि ती घेऊन कुठे जायचं ते कळत नाही.

यंदा मला वाटलं होतं, गणपती आणायला ती दुसऱ्या कोणाला तरी सांगेल. पण तिने मलाच बोलावलं. "तूच हाड," एवढंच म्हणाली. मूर्ती पुढच्या सीटवर माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली, खाली उशा घातल्या, आणि चालणाऱ्या माणसाने मागे टाकावं अशा चालीने मी गाडी आणली. मागून हॉर्न वाजत होते. मी चिडलो नाही.

मूर्ती घेऊन मी काकीच्या उंबऱ्यासमोर उभा राहिलो. देव आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालून मगच त्याला आत घ्यायचं, ही रीत. सून उद्या यायची होती. काकीच तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या बायकोने हात पुढे केला, "काकी, मी घालतंय."

"घरच्या बायन घालूचा आसता," ती म्हणाली.

"मगे उभ्यानंच घाल," बायको म्हणाली.

"उभ्यान पाणी झाडाक घालतत," असं म्हणून तिने एका हाताने चौकट धरली आणि ती वाकली. पट्टा तिला वाकू देत नव्हता. ती थोडी थोडी खाली गेली, मध्ये थांबली, पुन्हा गेली, शेवटी गुडघ्यावर टेकली. "काकी, नको," मी म्हणालो, पण तोवर पाणी माझ्या पायांवर पडलं होतं. मग तिने उंबऱ्यावर ठेवलेल्या करंड्यातलं कुंकू ओल्या बोटांनी माझ्या पायांना लावलं, आधी उजव्या, मग डाव्या.

उठताना तिचा हात चौकटीवरून सुटला. आधारासाठी तो माझ्याकडे आला, आणि माझ्या दोन्ही हातांत तिचा गणपती होता.