बावीस वेळा विकलेली विळी

"वीस दिनार एक वार! कोणी पुढे?"

टेबलावर नारळ खवायची विळी, माझ्या हातात लाकडी हातोडा.

मी कुवेतमध्ये एका कंपनीचे सरप्लस स्टोअर्स सांभाळतो. म्हणजे जुने पंप, व्हॉल्व्ह अर्दियाच्या गोडाऊनमध्ये लिलावात काढतो. तिथे एका केबलच्या रिळासाठी भंगारवाले एकमेकांच्या अंगावर जातात. त्यामुळे फरवानियातल्या आमच्या मराठी मंडळाने रीतसर परवानगी काढून मदतीचा लिलाव ठरवला, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "माझ्यावर सोडा."

लिलाव नासिरभाईंच्या पायासाठी होता. रत्नागिरीकडचे नासिरभाई आमच्या मुलांची स्कूलबस चालवायचे. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसला, तर त्यांना ऑफिसात डिस्पॅचचं काम मिळणार होतं. नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि घरी परत. कुबड्या खुर्चीखाली सरकवून ते पहिल्या रांगेत बसले होते.

आधीच्या चार वस्तू पहिल्याच बोलीला गेल्या होत्या. आता विळीला जोशीकाकूंनी वीस म्हटले आणि पुढे कोणी तोंड उघडेना. मी शेजारच्या देसाईंना हळूच म्हटलं, "अहो, बोली वाढवा की!"

"काकूंनी मागितलीय. त्यांच्यावर कशाला चढायचं? बरं दिसत नाही."

मी कपाळाला हात लावला. भांडणारे भंगारवाले मी रोज आवरतो, पण या भिडेपुढे माझं काही चालेना. नाइलाजाने हातोडा आपटला.

काकू आल्या. वीस दिनार मोजले, विळी उचलली, पातं निरखलं आणि परत टेबलावर ठेवली.

"माझी झाली ना? मी परत दिली. विका पुन्हा."

"काकू, एकदा विकलेला लॉट परत येत नसतो."

"तुमच्या गोडाऊनमध्ये नसेल येत."

मग देसाईंनी वीसला घेतली, परत दिली. मागच्या रांगेतून कोणी तीसला घेतली, परत दिली. कुणाला कुणावर चढावं लागलं नाही. विळी एकवीस वेळा विकली गेली आणि पायाची सोय झाली.

तेवढ्यात नासिरभाईंनी हात वर केला. "एक दिनार."

इतक्या घाईने हातोडा मी कधीच आपटला नव्हता.

"साहेब, ही आता परत नाय देनार," ते हसत म्हणाले. "घरवाली कधीची मागतेय."

विकलेला लॉट परत आला, की आमच्याकडे चौकशी बसते. त्या दिवशी तो एकवीस वेळा परत आला, म्हणून नासिरभाई आज डिस्पॅचला चालत जातात.