पुसायच्या यादीतलं सातवं गाव

नकाशाच्या कचेरीत तिला सगळे ‘बाई’ म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलापाशी बसून ती एकोणतीस वर्षं नकाशांवर हाताने नावं लिहीत होती. नद्यांची निळी आणि तिरकी, गावांची काळी आणि सरळ. किनारपट्टी, पठार, डोंगराळ मुलूख, वाळूचा पट्टा, दलदल, सगळा देश तिच्या हाताखालून गेला होता. ‘बाईंना देश तोंडपाठ, पण मागच्या गल्लीत पाठवा, चुकतील,’ अशी चेष्टा चाले. ती खोटी नव्हती. कचेरी, दोन खोल्यांचं घर आणि म्हातारी आई, यापलीकडे ती कुठे जातच नसे. लग्न राहून गेलं होतं, मैत्रिणी आपापल्या संसारात पांगल्या होत्या.

त्या वर्षी डोंगराळ भागात नवं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. हद्दीची हिरवी रेघ दुसऱ्याने ओढली आणि बाईंकडे एक यादी आली. हद्दीच्या आतली सात गावं उठवली होती, त्यांची नावं नकाशावरून काढायची होती. तिने पातं घेतलं आणि एकेक अक्षर खरवडत सहा नावं काढली. सातव्यापाशी हात थांबला. ते तिचंच गाव होतं. सहा वर्षांची असताना वडील वारले आणि आई तिला घेऊन शहरात आली, तेव्हा सुटलेलं. गावाची एकच गोष्ट तिला आठवत होती. वडिलांनी कडेवर घेऊन विहिरीत डोकावायला लावलं होतं आणि खाली पाण्यात दोन डोकी दिसली होती. वडिलांचा चेहरा मात्र आठवत नव्हता.

ती साहेबांकडे गेली.

“साहेब, हे एक राहू दिलं तर?”

“वस्ती नाही तर नाव नाही, बाई. तुम्हीच नव्या लोकांना शिकवता की हे.” साहेब माणूस वाईट नव्हता. मग स्वतःच म्हणाला, “हां, तिथल्या ओढ्याला गावाचंच नाव असेल तर लिहा. ओढा काही कोणी उठवलेला नाही.”

संध्याकाळी तिने आईला विचारलं, “आई, आपल्या गावच्या ओढ्याला काय म्हणायचे गं?”

“ओढा.”

“अगं, नाव काय त्याचं?”

“ओढ्याला कशाला हवंय नाव? गावात एकच तर होता.” आई शेंगा सोलत होती. गाव उठल्याचं सांगितलं तरी तिचे हात थांबले नाहीत. “बरं झालं. डोक्यावर हंडे वाहून मान मोडली माझी तिथे. सासरच होतं ते, माहेर नव्हे.”

बाईंना वाटलं होतं, आई रडेल, मग आपणही रडू. पण दुःख वाटून घ्यायला घरातही कोणी नव्हतं.

खोटं नाव लिहिणं तिच्या हाताला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिने सातवं नाव खरवडलं, बोटाने भुकटी झटकली आणि पुढचा नकाशा घेतला.

उद्यान लोकांसाठी उघडलं तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदा चार दिवसांची रजा टाकली. फाटकावर तिकीट काढून ती सात अनोळखी माणसांबरोबर जीपमध्ये बसली. तासाभराने एका मोकळ्या माळावर हरणांचा कळप दिसला, म्हणून गाडी थांबली. दगडी जोत्यांच्या दोन-तीन ओळी गवतातून वर आल्या होत्या. ओढ्याच्या वळणावरून तिने नकाशातली जागा ओळखली.

“इथे माझं घर होतं,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून नव्हे.

गाइड पोरसवदा होता. त्याने हलक्या आवाजात विचारलं, “कुठे नेमकं, मावशी? खाली उतरता येत नाही, पण गाडी जरा पुढे घेतो.”

तिने पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. केसाइतक्या फरकाने नाव सरकलं तर रात्रभर झोप न येणारी ती बाई, तिला बोट दाखवता येईना.

“राहू दे,” ती म्हणाली. हरणं निघून गेली, तशी गाडीही निघाली.

आई त्यानंतर दीड वर्षाने गेली. आजार असा नव्हता, दिवा विझावा तशी गेली. घर एकदम मोठं झालं. ती सवयीने दोघींचा चहा टाकायची आणि मग दोन्ही कप स्वतःच प्यायची. त्याच सुमारास कचेरीत संगणक आले, हाताने नावं लिहायचं काम संपलं आणि बाई निवृत्त झाल्या.

मग एकदा वर्तमानपत्रात चार ओळी दिसल्या. उद्यानात प्राण्यांची गणना करायला स्वयंसेवक हवे होते. पाणवठ्याजवळच्या मचाणावर दिवसभर बसायचं आणि येईल तो प्राणी टिपून ठेवायचा. तिने अर्ज केला. जागा कुठली हवी, या रकान्यात नकाशातला आपल्या गावाचा चौकोन आकड्यांत लिहिला. वनरक्षक हसला. “एवढा नेमका अर्ज आजवर कोणी केला नाही, बाई.”

त्याने तिला पहाटे मचाणावर सोडलं. ओढा समोर होता, उन्हाने बारीक झालेला. सकाळी चौदा हरणं आली. दुपारी एक रानडुक्कर, पिलांसह. मधे तासन्‌तास काहीच नाही. विहीर कुठेच दिसली नाही. बहुधा बुजली असावी. ती अख्खा दिवस गावात होती आणि तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. आईला हाक मारावी असं दोनदा मनात आलं. एकदा तर तिने मारलीही, अगदी हळू, हरणं बिचकू नयेत म्हणून.

उन्हं उतरल्यावर वनरक्षक न्यायला आला. तिचं टिपण पाहून म्हणाला, “अक्षर आहे की छपाई! एकटीला कंटाळा नाही ना आला?”

“आला की,” बाई शिडी उतरत म्हणाल्या. “पण पुढच्या वर्षी मला हेच मचाण ठेवा.”