मिशनमधल्या बोहारीणकाकू

बोहारीणकाकू ‘नाही’ म्हणायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ओठ मिटलेले, भुवया वर, मान अर्धी वळलेली, पण डोळ्यांचा एक कोपरा समोरच्यावर. त्या कोपऱ्यात स्वच्छ दिसायचं, ‘बाबा रे, जाऊ नकोस, अजून एकदा विचार.’ हे ज्याला दिसायचं त्याचं काकूंशी जमायचं. ज्याला दिसायचं नाही तो मुकाट निघून जायचा आणि काकू दिवसभर चडफडत बसायच्या.

त्यांचं खरं नाव सुलभा. माहेर नाशिकचं. सॅन अँटोनियोच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी जन्मभर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. ‘बोहारीणकाकू’ हे नाव माझ्या बायकोनं, नीतानं, ठेवलं आणि काकूंना ते फार आवडलं. दुपारी दारात बसून जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नावाचं कारण सांगायला नको. शर्टाची कॉलर उलटून बघायची, उसासा टाकायचा, पातेलं परत टोपलीत ठेवायचं, टोपली उचलून फाटकापर्यंत जायचं आणि हाक आली की फिरायचं. काकूंनी हे सगळं लहानपणी आईच्या मागे उभं राहून पाहिलं होतं. “आई घरातली बाजू लढवायची, पण माझं लक्ष सगळं त्या बाईकडे,” त्या सांगायच्या. “आई दर वेळी हरायची आणि जिंकल्यासारखी ते पातेलं शेजाऱ्यांना दाखवायची. मोठेपणी कुठल्या बाजूला बसायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.”

तर या काकू पुढे खरोखर त्या बाजूला बसल्या, आणि तेही टेक्सासमध्ये, एका स्पॅनिश मिशनच्या अंगणात.

आमच्या गावात नदीकाठी जुनी दगडी मिशनं आहेत. स्पेनचं राज्य होतं तेव्हा पाद्र्यांनी आजूबाजूच्या टोळ्यांतले लोक आणून तिथे वसवले. त्या लोकांनी मका पिकवला, गुरं पाळली, कातडी कमावली, मागावर घोंगड्या विणल्या, चरबीच्या मेणबत्त्या केल्या. दक्षिणेकडून कधीतरी खेचरांचा तांडा यायचा, सुया, सुऱ्या, काचमणी आणि चॉकलेटच्या वड्या घेऊन. राजाचं नाणं मात्र इतक्या लांब क्वचितच पोचायचं, म्हणून वस्तूला वस्तू द्यायची. त्यातल्या एका मिशनमध्ये अधूनमधून शनिवारी तो बाजार पुन्हा मांडतात. बघायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला दारात एक काहीतरी मिळतं, कुणाला मक्याची कणसं, कुणाला मेणबत्ती. ती फिरवत फिरवत, अदलाबदल करत करत चॉकलेटपर्यंत पोचायचं. फोन खिशातून काढायचा नाही, असा नियम.

हा बाजार रूबेन चालवायचा. पांढऱ्या मिशांचा, बुटका, सदा हसरा माणूस. त्याच्या आईकडचे पूर्वज याच मिशनच्या भिंतीआड राहिलेले. त्याचा बाप्तिस्मा इथल्याच चर्चमध्ये झाला, लग्नही इथेच. काका गेल्यानंतर काकू नदीकाठच्या रस्त्यावर रोज एकट्या चालायला जायच्या. एका शनिवारी त्या आत डोकावल्या, तेव्हा मांडावर, म्हणजे मांडलेल्या मालापाशी, बसलेली एक कॉलेजकन्यका एका मेणबत्तीच्या बदल्यात अख्खी घोंगडी देत होती. काकूंना राहवलं नाही. “अगं, थांब!” त्या मराठीतच ओरडल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, “ती घोंगडी विणायला किती दिवस लागले असतील! या माणसाकडे अजून चार वस्तू माग!” घेणारा माणूस गांगरला. रूबेन मात्र खूश झाला. पुढच्या बाजारात काकू लांब झगा आणि डोक्यावर काळी शाल घेऊन तांड्यातल्या व्यापाऱ्याच्या मांडावर बसल्या होत्या.

त्या पहिल्या दिवशी मी सोबत होतो. माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी माझ्या गाडीला घासली तरी सॉरी मी म्हणतो. काकूंनी “कातडी उचलायला येशील का?” असं विचारलं तेव्हा मी काहीतरी सबब सांगितली, मग रात्रभर मला ते टोचलं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मीच जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून मी काकूंचा कायमचा हमाल.

तर पहिला दिवस. एक बाई मक्याची कणसं घेऊन आल्या आणि त्यांनी चॉकलेट मागितलं. काकूंनी कणीस उलटसुलट केलं, दाणे बोटानं दाबले, उसासा टाकला. “नाही परवडत,” म्हणाल्या आणि मान वळवली. बाई म्हणाल्या, “ओह, ओके! सॉरी!” आणि निघून गेल्या. काकूंची मान तशीच वळलेली. दुसरा आला, तोही गेला. तिसरं जोडपं तर “थँक यू फॉर युवर टाइम” म्हणून गेलं. बाजार उठला तेव्हा सगळ्यांचे मांड रिकामे आणि काकूंचा जसाच्या तसा भरलेला. “ही कसली माणसं रे, प्रशांत?” त्या म्हणाल्या. “नाही म्हटलं की जातात!” मी म्हटलं, “काकू, सॉरी, पण इथे असंच असतं.” “तू कशाला सॉरी? तू गेलास का निघून?” रूबेन कातड्यांच्या ढिगावर बसून पोट धरून हसत होता.

पुढच्या वेळेपासून काकूंनी तोडगा काढला. गिऱ्हाईक आलं की आधीच बजावायच्या, “हे बघा, मी नाही म्हणेन. तुम्ही जायचं नाही. पुन्हा मागायचं.” अमेरिकन माणसाला नियम सांगितला की तो आनंदानं पाळतो. मग काय, लोक रांग लावून नकार ऐकायला यायला लागले. काकू मेणबत्ती नाकाशी नेऊन “बकऱ्याची चरबी आहे, गाईची म्हणून खपवता?” म्हणायच्या आणि डॅलसहून आलेला धिप्पाड माणूस कमरेवर हात ठेवून “मॅडम, ही गाय माझ्या ओळखीची होती!” असं ठणकावायचा. मला त्या समोर बसवायच्या नाहीत. “तुझा चेहरा बघून लोकांना वाटतं आपण चोरीचा माल विकतोय. तू मागे उभा राहा.”

मला बाजारातल्या या हसण्याचीही टोचणी लागायची. या भिंतींच्या आत लोक घंटेच्या ठोक्यावर उठले, राबले, देवीनं आणि तापानं मेले. पळाले त्यांना शिपायांनी परत आणलं. तिथे आपण गंमत मांडून बसायचं? एकदा मी रूबेनला हे बोलून दाखवलं. तो कातडं गुंडाळत होता, तसाच गुंडाळत राहिला. “ते सगळं तिकडच्या खोलीत भिंतीवर लिहिलंय, आणि ते मीच लिहायला लावलं,” तो म्हणाला. “पण माझी माणसं फक्त मेली नाहीत इथे. त्यांनी घासाघीस केली, एकमेकांना टोप्या घातल्या, चॉकलेट ढापलं. तेही कुणीतरी दाखवायला नको?” काकू तिकडून ओरडल्या, “रूबेन, त्याला ओझं दे उचलायला. हात रिकामे असले की तो असा बोलतो.”

अशी काही वर्षं मजेत गेली. मग गेल्या हिवाळ्यात काकू न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ उठता आलं नाही. त्यांचा मुलगा अमेय मिशिगनमधल्या नोव्हाय गावात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. अमेरिकेतच जन्मला, इथेच वाढला. त्यानं फोन केला, “आई, come live with us.” काकू म्हणाल्या, “नको रे, कशाला उगीच!” तो म्हणाला, “Okay, आई. Your choice.”

नंतर त्यानं मला फोन केला. “प्रशांतकाका, is she sure?” मी त्याला चांगलं भाषण दिलं. म्हटलं, आई स्वतंत्र बाई आहे, इथे तिचं मिशन आहे, तिच्या निर्णयाचा मान ठेव, अजिबात प्रेशर आणू नकोस. फोन ठेवला आणि क्वचित वाटतं तसं वाटलं, की आज आपण कुणाचं तरी भलं केलं.

त्यानंतरच्या बाजारात काकूंनी एका मेणबत्तीला घोंगडी देऊन टाकली. मी आधी दुर्लक्ष केलं. मग त्यांनी कणसांच्या बदल्यात चॉकलेट दिलं. कुणाला ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. रांगेतले लोक हिरमुसले. रूबेन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सेन्योराला डॉक्टरकडे ने.”

गाडीत मी विचारलं, “काकू, बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय!” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “अमेयनं परत विचारलं नाही.”

“पण तुम्ही नाही म्हणालात ना?”

“मग पहिल्या फटक्यात हो म्हणू? सुनेच्या दारात टोपली घेऊन जाऊन उभी राहू?” त्यांचा आवाज चढला. “अरे, बोहारीणसुद्धा हाक मारल्याशिवाय फिरत नाही.”

मी सिग्नलला नुसता बसून राहिलो. हिरवा झाला तरी मागचा हॉर्न वाजवेपर्यंत हललो नाही. नागपुरात वाढलेला मी, ज्याच्या आईनं पाहुण्यांच्या तिसऱ्या ‘नको’नंतरही ताटात पुरणपोळी वाढली, त्या मी या बाईचं ‘नको’ खरं मानलं होतं. आणि वर तिच्या मुलाला गप्प बसवलं होतं. मी म्हटलं, “मी सांगतो अमेयला.”

“खबरदार. सांगून मारलेली हाक मला नकोय.”

हा एवढा एक शब्द मी त्यांचा मोडला. घरी पोचून आधी फोन केला.

“काका, but she said no,” अमेय म्हणाला. “आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, no means no. आईनंच शिकवलंय!”

“ते बरोबरच आहे रे. पण हे तसलं नो नाहीये. पुन्हा विचार.”

“How many times?”

“ती कारणं सांगतेय तोवर. कारणं संपली आणि तरी नाही म्हणाली, तर ते खरं.”

 तो म्हणाला, “यार काका, म्हणजे आईचं पहिलं ‘नाही’ ऐकून पूर्ण बालपण मी cookies सोडल्या असणार.”

पुढच्या बाजाराला तो न सांगता आला. दिवस कलला होता, काकू कातडी घडी करत होत्या. जीन्समधला मुलगा समोर बघून त्या नुसत्या “जेवलास का?” म्हणाल्या.

“आई, नोव्हायला चल.”

“नको रे. तिकडे थंडी.”

त्याच्या तोंडात ‘ओके’ आलेलं मला दिसलं. मी मागून जोरात नकारार्थी मान हलवली. त्यानं कातड्यावर बसकण मारली. “थंडी आहे. हीटर पण आहे. चल.”

“तुमच्याकडे जिने.”

“खालची खोली तुझी. रंग पण दिलाय.”

“मला बर्फात ड्राइव्ह करता येत नाही.”

“I'll drive you.”

“बायकोला विचारलंस?”

“तिनंच तिकीट काढलं माझं.”

काकूंचे हात थांबले. त्यांची मान अजून अर्धी वळलेलीच होती. “आणि हे?” त्यांनी अंगणावरून हात फिरवला. घोंगड्या, मेणबत्त्या, माग, रूबेन. “हे कुठून देशील?”

अमेयनं अंगणाकडे पाहिलं. रूबेनला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण तोही हातातलं काम टाकून उभा. “हे नाही देता येणार, आई,” अमेय हळूच म्हणाला. “हे तिकडे नाहीच. तरी चल. मला तू हवीयेस तिथे.”

काकूंनी शालीच्या टोकानं नाक पुसलं. “माल नसला तर नाही म्हणावं, ते बरं,” त्या म्हणाल्या. “येते. पण कुकर माझा मी घेऊन येणार. आणि तुझ्या त्या डिशवॉशरला मी हात लावणार नाही.”

“Done.”

“लगेच डन काय! जरा भांड की.”

मग त्या रूबेनकडे वळल्या आणि इंग्रजीत विचारलं, माझ्या जागी कोण बसेल? रूबेननं माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “नाही नाही, मला जमणार नाही.” रूबेन म्हणाला, “पुन्हा विचारतो.”

काकू गेल्या तेव्हा विमानतळावर नीता रडली, अमेय रडला आणि काकू काउंटरवरच्या मुलीला समजावत होत्या की कुकर म्हणजे सामान नव्हे.

त्यानंतरच्या पहिल्याच बाजारात मी झगा नव्हे पण रूबेनची जुनी टोपी घालून मांडावर बसलो.  फोन थरथरला. व्हिडिओत काकू स्वेटर, त्यावर शाल, मागे खिडकीत भुरभुर बर्फ. “फोन मेणबत्त्यांना टेकवून ठेव,” त्यांनी फर्मावलं. मी नियमाची आठवण करून दिली. रूबेननं पाठ फिरवली आणि तो चर्चच्या घंटेकडे मन लावून बघायला लागला.

एक तरुण कणसं घेऊन आला. त्यानं चॉकलेट मागितलं. मी कणीस उलटसुलट केलं, उसासा टाकला आणि जमेल तितक्या कोरडेपणानं म्हणालो, “नाही परवडत.” नियम सांगायचा मी विसरलो होतो. “ओह, सॉरी,” तो म्हणाला आणि चालायला लागला. माझ्याही तोंडून सवयीनं ‘सॉरी’ निघालं.

“अरे, जातोय तो!” मेणबत्त्यांमधून काकू ओरडल्या. “बघत काय बसलास? हाक मार!”

मी उठून उभा राहिलो. आयुष्यात कुणाला परत बोलवायचा माझा धीर झाला नव्हता. सबंध अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी हाक मारली, आणि तो हसत हसत मागे फिरला.