भांडण उकरून काढणारे भूलवाले डॉक्टर

पेशंटशी भांडण उकरून काढून त्याला जगवणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला: आमचे भूलवाले डॉक्टर. नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते आणि हे गृहस्थ स्कूटरवरून बारामती-इंदापूर करत दवाखाने पालथे घालत. ज्यांची छाती किंवा हृदय पूर्ण भूल सोसणार नाही, अशांना ते पाठीत इंजेक्शन देत. पोट बधिर, माणूस जागा. जागा माणूस बोलता ठेवायचा, हा त्यांचा हट्ट. "सिस्टर, पेशंट ढासळायला लागला की मशीन नंतर सांगतं, आवाज आधी सांगतो." पण 'बरं वाटतंय ना' विचारलं की लोक 'व्हय' म्हणून गप्प बसतात. म्हणून हे आदल्या संध्याकाळी खाटेपाशी बसून माणसाचा अभिमान कशात आहे ते काढून घेत आणि टेबलावर नेमकी तिथंच काडी लावत. बागायतदाराला म्हणत, ऊस म्हणजे आळशाचं पीक. इंदापूरच्या एका आजींना म्हणाले, तुमच्याकडं पुरण शिजतच नाही. आजींनी शेवटचा टाका पडेपर्यंत डॉक्टरांचं सगळं खानदान काढलं.

सणसरचे आबा आले ते अडकलेला हर्निया घेऊन. जन्म मेंढरांमागं गेलेला, छाती विड्यांनी पोखरलेली. सर्जन म्हणाले, "झोपवलं तर उठायचे नाहीत, थांबलो तर आतडं सडेल." आदली संध्याकाळ मिळालीच नव्हती. डॉक्टरांनी आबांच्या खांद्यावरची घोंगडी पाहिली आणि इंजेक्शन लागू पडताच सुरुवात केली.

"आबा, मेंढीपेक्षा शेळी बरी."

"शेळीची घोंगडी व्हती का कधी?"

"दूध तरी मिळतं."

"मंग दूध प्या आन बसा कुडकुडत."

सर्जनही मास्कमागं हसले. पुढच्या टोमण्याला मात्र उत्तर आलं नाही. रक्तदाब उतरला होता. डॉक्टरांनी सलाईन मोकळं सोडलं, शिरेतून औषध दिलं, मला पाय उचलून धरायला लावले. तोंड चालूच होतं. मेंढी मूर्ख, मेंढी भित्री, मेंढीला दिशा कळत नाही. आबा गप्प. सर्जनचे हात थांबले. तेव्हा कुणापुढंही न नमणारा हा माणूस आबांच्या कानाशी वाकला.

"आबा, मेंढीच बरी. हरलो मी."

ऑक्सिजनच्या मास्कमधून सावकाश आवाज आला, "मंग मगाधरनं भांडताय कशापायी?"

सकाळी आबांनी वॉर्डभर सांगितलं, डाक्टर हरला. डॉक्टर साफ नाही म्हणाले. "गुंगीत काहीतरी ऐकलंत तुम्ही." त्या इंजेक्शनानं गुंगी येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी आबांचं पांघरूण सारखं केलं. आबा चिडून उशीला टेकून उठून बसले आणि शेळीची एकेक खोट काढू लागले. डॉक्टर नकारार्थी मान हलवत राहिले. बोटं आबांच्या मनगटावर होती आणि नाडी केव्हाच मोजून झाली होती.